छपरावरचा अँटेना आणि तारेचा दोर : अमेरिकेतील केबल-दूरचित्रवाणीच्या इतिहासातील एक प्रश्न

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या पंधरा-सोळा वर्षांत लक्षावधी कुटुंबांनी केबल-दूरचित्रवाणीची वर्गणी बंद केली. त्यांतील कित्येकांनी छपरावर, माळ्यावर वा खिडकीच्या काचेस एक अँटेना बसविला आणि स्थानिक केंद्रांचे कार्यक्रम हवेतून विनामूल्य घेण्यास आरंभ केला. उरलेली करमणूक ते इंटरनेटवरील स्ट्रीमिंग सेवांकडून घेतात. या कृतीस तिकडे ‘कॉर्ड-कटिंग’, म्हणजे दोर कापणे, असे नाव पडले आहे. तिचा जो अर्थ सामान्यतः लावला जातो तो सरळ आहे : जुने तंत्र महाग व गैरसोयीचे झाले, नवे तंत्र स्वस्त व सोयीचे निघाले, म्हणून जुने मागे पडले. हा अर्थ खोटा आहे असे नव्हे; पण तो अपुरा आहे. अँटेना हे काही नवे तंत्र नव्हे. जी केबल आज टाकली जात आहे ती मुळात अँटेनाच्याच पोटी जन्मास आली, आणि तिच्या जन्मकाळी जो प्रश्न उपस्थित झाला तोच प्रश्न २०१४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा उभा राहिला. हवेतून येणारी लहर पकडून देणारा मनुष्य हा प्रेक्षकाचा हस्तक समजावयाचा की स्वतंत्र प्रयोगकर्ता? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा हेतू आहे. शास्त्रीय मराठीत अँटेनास ‘आकाशक’ असा चांगला शब्द आहे. तथापि गच्चीवर चढून तो फिरविणाऱ्या कोणीही तो उच्चारल्याचे ऐकिवात नसल्यामुळे येथे रूढ शब्दच वापरला आहे.

दूरचित्रवाणीची लहर, विशेषतः त्या काळी वापरात असलेल्या कंप्रतेची, बव्हंशी सरळ रेषेत जाते. आकाशवाणीच्या मध्यम लहरींप्रमाणे ती जमिनीच्या वळणाने फारशी वळत नाही. यामुळे केंद्राच्या मनोऱ्यापासून साठ-सत्तर मैलांच्या पलीकडे, अथवा त्याहून जवळ पण डोंगराच्या आड, वसलेल्या गावांना चित्र दिसत नसे. पेनसिल्व्हेनिया संस्थानातील कोळशाच्या खाणींची गावे अशा आडोशाच्या दऱ्यांत वसलेली आहेत. त्यांतील महानॉय सिटी या गावी जॉन वॉल्सन नावाचा एक गृहस्थ विजेच्या घरगुती उपकरणांचे दुकान चालवीत असे. दूरचित्रवाणीचे संच त्याने विक्रीस आणले. परंतु गावात चित्रच येत नाही तर संच घेणार कोण? तेव्हा त्याने जवळच्या डोंगरावर अँटेना उभारला, तेथून खाली तार ओढली आणि फिलाडेल्फियाचे चित्र दुकानात दाखविण्याची व्यवस्था केली. पुढे तीच तार शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांत गेली. ही घटना १९४८ च्या जूनमधील असल्याचे सांगितले जाते.

त्याच वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकास, ऑरेगन संस्थानातील अ‍ॅस्टोरिया गावी, एड पार्सन्स या आकाशवाणी-केंद्र चालविणाऱ्या गृहस्थाने एका हॉटेलाच्या छपरावर अँटेना बसवून सुमारे सव्वाशे मैलांवरील सिअ‍ॅटलच्या केंद्राची लहर पकडली. ते केंद्र १९४८ च्या नोव्हेंबरात नुकतेच सुरू झाले होते. पार्सन्सची पत्नी ग्रेस हिने शिकागो येथील एका परिषदेत दूरचित्रवाणी पाहिली होती व ती घरी हवी असा तिचा आग्रह होता, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. १९५० साली पेनसिल्व्हेनियातीलच लान्सफर्ड गावी रॉबर्ट टार्लटन या दुसऱ्या संचविक्रेत्याने गावकऱ्यांच्या भांडवलावर रीतसर मंडळी स्थापून हा उद्योग पद्धतशीर केला. त्यास लागणारी प्रवर्धक यंत्रे पुरविणाऱ्या जेरॉल्ड या कारखान्याचा मालक मिल्टन शॅप पुढे त्याच संस्थानाचा राज्यपाल झाला.

पहिला कोण, या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. तथापि त्या वादातील पुराव्याचे स्वरूप इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात घेण्याजोगे आहे. वॉल्सनची कागदपत्रे आगीत नष्ट झाली असे सांगण्यात येते; त्यामुळे जूनची तिथी मुख्यतः त्याच्या स्वतःच्या निवेदनावर उभी आहे. तरीही व्यवसायाच्या संघटनेने आद्यत्वाचा मान त्यासच दिला. उद्योगांस आपला कुलपुरुष ठरविण्याची घाई असते, आणि डोंगरावर स्वतः खांब रोवणारा दुकानदार हा कुलपुरुष म्हणून शोभतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या तिन्ही गावांत कोणीही नवा कार्यक्रम निर्माण केला नाही. या व्यवस्थेचे त्या काळचे नावच ‘सामुदायिक अँटेना’ असे होते. प्रत्येकाने आपापल्या छपरावर खांब उभारून काही उपयोग नव्हता, म्हणून सर्वांनी मिळून एकच खांब डोंगरावर उभारला आणि त्याच्या देखभालीसाठी एकरकमी जोडणी-शुल्क व दरमहा दोन-तीन डॉलर दिले. केबल म्हणजे लांबलेला अँटेना, एवढाच तिचा मूळ अर्थ होता.

सरकारी धोरणानेही या रोपट्यास अजाणता पाणी घातले. एकमेकांच्या लहरींत व्यत्यय येऊ लागल्याने फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९४८ च्या सप्टेंबरात नव्या केंद्रांचे परवाने देणे थांबविले. ही स्थगिती काही महिन्यांची म्हणून जाहीर झाली होती. ती १९५२ च्या एप्रिलपर्यंत टिकली. त्या साडेतीन वर्षांत देशभर शंभराच्या थोड्या वर केंद्रे होती आणि लहान गावांच्या वाट्यास नवे केंद्र येण्याचा मार्ग बंद होता. लोकांना चित्र तर हवे होते. तेव्हा ते तारेवाटे आले.

आरंभी केंद्रचालकांना हा प्रकार आवडला, कारण त्यांचा प्रेक्षकवर्ग फुकटात वाढत होता. परंतु तारवाले जेव्हा सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने दूरच्या महानगरांतील केंद्रेही गावात आणू लागले, तेव्हा गावातील लहान केंद्राचा प्रेक्षक कमी होऊ लागला, आणि चित्रपटांचे मालक विचारू लागले की आमचे चित्रपट तुम्ही कोणत्या हक्काने विकता? येथून प्रकरण न्यायालयात गेले. १९६८ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका आठवड्याच्या अंतराने दोन निकाल दिले, आणि ते एकत्र वाचले म्हणजे या साऱ्या इतिहासातील पेच उघड होतो. पहिला निकाल साउथवेस्टर्न केबल मंडळीच्या खटल्यातील. त्यात केबलवर नियंत्रण ठेवण्याचा कमिशनचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. म्हणजे केबल ही प्रक्षेपणव्यवस्थेवर परिणाम करणारी, म्हणून नियमनास पात्र अशी स्वतंत्र शक्ती ठरली. दुसरा निकाल फोर्टनाइटली मंडळी विरुद्ध युनायटेड आर्टिस्ट्स या खटल्यातील. वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग व फेअरमाँट या डोंगराळ भागातील गावांस ही मंडळी तारेने चित्र पुरवीत असे. न्यायमूर्ती स्ट्यूअर्ट यांनी बहुमताच्या वतीने असा विचार मांडला की, प्रक्षेपण करणारा तो प्रयोग करणारा आणि पाहणारा तो प्रेक्षक. तारवाला केवळ पाहणाऱ्याची ग्रहणशक्ती वाढवितो, म्हणून तो प्रेक्षकाच्या बाजूचा होय. सबब स्वामित्वहक्काचा भंग होत नाही.

मराठी वाचकास हा भेद समजावून सांगण्याची गरज पडू नये. नाटकाच्या प्रयोगाचे हक्क ही कल्पना आपल्या रंगभूमीवर जुनी आहे. नाटक पाहणाऱ्यावर कोणी प्रयोगाचे मानधन मागत नाही. आणि दूर बसलेल्या प्रेक्षकास दुर्बीण भाड्याने देणाऱ्यावरही मागत नाही. परंतु रंगमंदिराबाहेर मंडप घालून, आतील प्रयोग आरशांच्या योजनेने हजारोंना दाखवून दर महिन्यास पैसे घेणाऱ्याविषयी काय म्हणावे? १९६८ साली न्यायालयाने त्यास दुर्बीणवाला ठरविले. १९७४ साली टेलिप्रॉम्प्टर मंडळीच्या खटल्यात, दूरच्या नगरांतील केंद्रे आणून दाखविण्याच्या बाबतीतही तोच निर्णय कायम झाला. अखेर काँग्रेसने १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्याने हा निर्णय फिरविला. केबलवाला हा प्रयोगकर्ता ठरला. मात्र त्याने ठराविक दराने फी भरली म्हणजे प्रत्येक मालकाची वेगळी परवानगी मागण्याचे कारण उरत नाही, अशी सक्तीच्या परवान्याची तोड काढण्यात आली. १ जानेवारी १९७८ पासून ती अमलात आली. या दिवशी केबल कायद्याच्या दृष्टीने अँटेना राहिली नाही.

व्यवहारात ती त्यापूर्वीच बदलू लागली होती. ८ नोव्हेंबर १९७२ रोजी पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बॅरी येथे होम बॉक्स ऑफिस ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिचे वर्गणीदार ३६५ होते. हवेत कोठेही नसलेला, केवळ तारेवाटेच मिळणारा कार्यक्रम विकावयाचा, ही कल्पना तेव्हा चमत्कारिक वाटली असेल. १९७५ च्या सप्टेंबरअखेर मनिला येथील अली-फ्रेझर मुष्टियुद्ध या वाहिनीने उपग्रहाद्वारे आपल्या वर्गणीदारांस दाखविले आणि देशभर एकाच वेळी तारजाळ्यांना कार्यक्रम पुरविता येतो हे सिद्ध झाले. पुढील सहा वर्षांत अटलांटाचे टर्नर यांचे केंद्र, खेळांची ईएसपीएन, वृत्तांची सीएनएन, संगीताची एमटीव्ही अशी रांग लागली. याच सुमारास ‘तारांनी जोडलेले राष्ट्र’ अशा अर्थाची घोषणा प्रचारात आली होती. राल्फ ली स्मिथ यांच्या १९७० मधील लेखाने व १९७२ मधील पुस्तकाने, तसेच १९७१ च्या स्लोन आयोगाच्या अहवालाने, केबलमधून लोकशिक्षण, ग्रामपरिषदा, घरबसल्या ग्रंथालय अशा किती तरी गोष्टींची आशा बाळगली होती. आज ते लेखन वाचताना त्यातील आशावादाचे हसू येते. पण जी कामे त्यांनी केबलकडून अपेक्षिली ती पुढे इंटरनेटने, आणि बहुतेक घरांत त्याच केबलमधून, केली हे विसरता कामा नये.

केबलच्या पतनाची बीजे १९८४ आणि १९९२ च्या दोन कायद्यांत पडली असे माझे मत आहे. पहिल्याने दरांवरील स्थानिक नियंत्रण बहुतांशी उठविले. दर भराभर चढले आणि ओरड झाली. ओरडीचे उत्तर म्हणून दुसरा कायदा आला. राष्ट्राध्यक्ष बुश (थोरले) यांनी तो नाकारला असता काँग्रेसने त्यांचा नकार ओलांडून तो संमत केला. त्यांच्या कारकीर्दीत असे एवढे एकदाच घडले. या कायद्याने स्थानिक केंद्रांस दर तीन वर्षांनी निवड दिली : एक तर केबलवाल्याने आमचे केंद्र दाखविलेच पाहिजे असा विनामूल्य हक्क घ्यावा, नाही तर संमतीची किंमत मागावी. १९९३ साली पहिल्या फेरीत केबलवाल्यांनी रोख देण्याचे साफ नाकारले. तेव्हा केंद्रांच्या मालकांनी दुसरी युक्ती काढली. रोख नको, आमची नवी वाहिनी तुमच्या तारेवर घ्या, असे ते म्हणाले. फॉक्सने एफएक्स, एबीसीच्या मालकांनी ईएसपीएनची दुसरी वाहिनी, एनबीसीने अमेरिकाज टॉकिंग अशी एकेक वाहिनी पुढे केली. एका हवेतल्या केंद्रासाठी दुसरी नको असलेली वाहिनी गळ्यात बांधून घ्यावयाची, हा व्यवहार त्या वेळी सर्वांनाच सोयीचा वाटला. पुढे रोख रक्कमही द्यावी लागली ती लागलीच. म्हणजे फुकट वाहणाऱ्या हवेतील चित्रासाठी घरोघरचा वर्गणीदार मासिक बिलात पैसे मोजू लागला, आणि त्याबरोबर न पाहिलेल्या शंभर वाहिन्यांचेही. वर्गणीदार दोर कापण्यास का प्रवृत्त झाला याचे उत्तर स्ट्रीमिंगच्या आकर्षणात शोधण्यापूर्वी ते या बिलात शोधले पाहिजे.

अँटेनास पुन्हा उभे करण्याचे काम मात्र कायद्यानेच केले, आणि तेही दोन वेळा. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानुसार कमिशनने असा नियम केला की घरमालकांच्या संघांस वा जमीनदारांस दूरचित्रवाणीचा अँटेना अथवा एक मीटरपर्यंतची तबकडी लावण्यास साधारणतः मज्जाव करता येणार नाही. सुंदर दिसण्याच्या नावाखाली छपरावरील कांबी उतरविण्याची चाल उपनगरांत फार बोकाळली होती. तिला यामुळे आळा बसला. दुसरे, १२ जून २००९ रोजी पूर्ण शक्तीच्या केंद्रांनी जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण थांबवून अंकीय पद्धत स्वीकारली. या बदलासाठी सरकारने प्रत्येक घरास चाळीस डॉलरची दोनपर्यंत कुपने दिली. अंकीय पद्धतीने हवेतून येणारे चित्र पुष्कळ वेळा केबलच्या चित्राहून स्वच्छ निघाले, कारण केबलवाले जागा वाचविण्यासाठी चित्र दाबून पाठवीत. एका केंद्रास एकाच पट्ट्यात अनेक उपवाहिन्याही देता येऊ लागल्या.

पण येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि उत्साही लेखनात ती सहसा येत नाही. जुनी लहर क्षीण झाली म्हणजे पडद्यावर हिमकण पडल्यासारखे दिसे. चित्र पुसट होई, पण माणसे ओळखू येत व आवाज ऐकू येई. अंकीय लहर एका मर्यादेपर्यंत निर्मळ चित्र देते आणि त्या मर्यादेच्या खाली काहीच देत नाही. अभियंते यास कड्याची उपमा देतात. कड्याच्या अलीकडे सपाट भूमी, पलीकडे दरी. दऱ्यांतील ज्या गावांनी १९४८ साली डोंगरावर खांब रोवले, त्याच प्रकारच्या गावांस २००९ नंतरही खिडकीतील अँटेनाने काही मिळत नाही. पुढे २०१७ साली केंद्रांच्या वापरातील लहरपट्ट्यांपैकी ७० मेगाहर्ट्झ लिलावाने मोबाइल मंडळ्यांकडे गेले; लिलावात १९८० कोटी डॉलर आले, आणि २०२० पर्यंत शेकडो केंद्रांस आपल्या वाहिनीची जागा बदलावी लागली. अँटेना असलेल्या घरांत तेव्हा संचास पुन्हा वाहिन्या शोधावयास लावणे एवढेच काम होते. परंतु हवा कोणाची, या प्रश्नाचे एक उत्तर रोख रकमेत मिळाले होते.

आता स्ट्रीमिंगकडे. येथे क्रम सर्वज्ञात असल्याने विस्तार करीत नाही. नेटफ्लिक्सने जानेवारी २००७ मध्ये तबकड्यांच्या टपालासोबत स्ट्रीमिंग सुरू केले. २००८ मध्ये हुलू आली. २०१५ मध्ये स्लिंग टीव्हीने वीस डॉलरांत मोजक्या केबल-वाहिन्यांची जुडी इंटरनेटवरून देऊ केली, आणि त्याच वर्षी होम बॉक्स ऑफिस केबलच्या वर्गणीवाचून मिळू लागले. जुलै २०२२ मध्ये नील्सन संस्थेच्या मोजणीत स्ट्रीमिंगचा वाटा ३४.८ टक्के व केबलचा ३४.४ टक्के आला. मे २०२५ मध्ये स्ट्रीमिंग ४४.८ टक्क्यांवर पोहोचून केबल व हवेतील केंद्रे या दोहोंच्या बेरजेस मागे टाकून गेले.

याच काळात जुना प्रश्न नव्या वेषात परतला. मूळचे भोपाळचे चेत कनोजिया यांनी २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये एरिओ नावाच्या मंडळीची सेवा सुरू केली. ब्रुकलिनमधील एका इमारतीत तिने नाण्याएवढे हजारो अँटेना ओळीने बसविले होते. वर्गणीदार जेव्हा एखादे स्थानिक केंद्र पाहू इच्छी तेव्हा त्यातील एक अँटेना त्या वेळेपुरता त्याच्या एकट्याच्या दिमतीस लागे. त्याने पकडलेले चित्र त्याच्याच नावे साठविले जाई आणि इंटरनेटवरून त्याच्याच पडद्यावर येई. दुसऱ्या कोणाचा त्याच्याशी संबंध नसे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही योजना निरर्थक होती. एका मोठ्या अँटेनाने तेच काम उत्तम झाले असते. ती केवळ कायद्याच्या परिभाषेस अनुसरून रचलेली होती : प्रत्येक प्रेक्षकास त्याचा स्वतःचा अँटेना, फक्त तार थोडी लांब. क्लार्क्सबर्ग व फेअरमाँटच्या युक्तिवादास येथे यंत्राचे रूप आले होते.

२५ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी एरिओविरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रायर यांनी १९७६ चा कायदा मुख्यतः सामुदायिक अँटेनाचे निकाल फिरविण्यासाठीच झाला होता याकडे बोट दाखविले. एरिओ त्या जुन्या मंडळ्यांसारखीच दिसते, म्हणून ती प्रयोगकर्ती होय. न्यायमूर्ती स्कालिया यांनी विरुद्ध मत देताना मंडळीचा व्यवहार त्यांस योग्य वाटत नव्हता हे लपविले नाही. परंतु कायद्यात पळवाट असेल तर ती बुजविणे काँग्रेसचे काम, न्यायालयाने सादृश्यावर निकाल देऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. गंमत पुढेच आहे. आम्ही केबलसारखे आहोत असे आपण म्हणता, तर केबलला मिळणारा सक्तीचा परवाना आम्हांसही द्या, अशी एरिओने मागणी केली. ती नाकारण्यात आली. पैसे देण्यापुरते केबल, परवाना मिळण्यापुरते केबल नव्हे! नोव्हेंबर २०१४ मध्ये मंडळीने दिवाळे जाहीर केले. २०१८ साली लोकास्ट या ना-नफा संस्थेने कायद्यातील दुसऱ्या कलमाचा आधार घेऊन तोच प्रयत्न केला. तिने गोळा केलेले पैसे विस्तारासाठी वापरले हे कारण दाखवून न्यायालयाने २०२१ मध्ये तिचा आधार अमान्य केला व तीही बंद पडली. तेव्हा आजच्या घटकेस अमेरिकेत कायद्याचा निष्कर्ष असा आहे : खांब स्वतःच्या छपरावर असेल तर तुम्ही प्रेक्षक आहात, तोच खांब दुसऱ्याने, दुसऱ्या गावी, तुमच्यासाठी रोवला आणि त्याबद्दल मोबदला घेतला, तर तो प्रयोगकर्ता आहे. स्वतःच्या छपरावर लहर पोहोचत नसेल त्याने काय करावे याचे उत्तर १९४८ साली वॉल्सनने दिले होते. आज ते उत्तर परवान्यावाचून देता येत नाही.

आणि दोर तरी खरोखर कापला गेला काय? स्ट्रीमिंगसाठी लागणारे इंटरनेट अमेरिकेतील फार मोठ्या संख्येच्या घरांत कॉमकास्ट, चार्टर अशा केबल मंडळ्यांच्याच तारेतून येते. वर्गणीदाराने बिलातील एक ओळ खोडली, दुसरी ठेवली. कॉमकास्टने तर आपल्या बहुतेक केबल-वाहिन्या वेगळ्या मंडळीत काढून देण्याचे नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. तार मात्र स्वतःजवळ ठेवली. दरांची गोष्टही तशीच. यूट्यूब टीव्ही २०१७ मध्ये दरमहा ३५ डॉलरांस मिळे. जानेवारी २०२५ पासून तिचा दर ८२.९९ डॉलर झाला. ज्या जुडीस कंटाळून लोक बाहेर पडले तीच जुडी हळूहळू नव्या दोरीने बांधली जात आहे.

या साऱ्यात इतिहासकारास सर्वांत अधिक खटकणारी गोष्ट साधनांची आहे. केबलच्या वर्गणीदाराची नोंद असते : खाते, बिल, जोडणीची तारीख, तोडणीची तारीख. स्ट्रीमिंगच्या ग्राहकाची तर क्षणाक्षणाची नोंद असते. कोणता प्रसंग त्याने पुन्हा पाहिला आणि कोठे तो झोपी गेला हेही मालकास कळते. अँटेनावाल्याची नोंद नसते. तो खांब एकदा विकत घेतो आणि त्यानंतर त्याचा कोणाशी व्यवहार राहत नाही. त्याच्याविषयी जे काही कळते ते नमुना-पाहणीच्या अंदाजाने. म्हणून ‘दोर कापणारे’ किती, हे सांगताना सोडलेल्या वर्गण्या मोजल्या जातात. ते गेले कोठे हे मोजले जात नाही. केबलचा इतिहास केबल मंडळ्यांच्या दप्तरांतून लिहिला गेला, स्ट्रीमिंगचा इतिहास स्ट्रीमिंग मंडळ्यांच्या जाहीर आकड्यांतून लिहिला जाईल, आणि अँटेनाचा इतिहास कोणी लिहिलाच तर तो छायाचित्रांतील छपरे पाहून लिहावा लागेल. २०१७ मध्ये ऐच्छिक म्हणून मान्य झालेल्या नव्या प्रक्षेपणपद्धतीत तर केंद्रांना हवेतील लहरीसही कुलूप घालता येते, आणि अनेक नगरांत तसे ते घातले गेले आहे. असा संच प्रमाणित असावा लागतो. अनोळखी राहून पाहण्याची मुभा, जी अँटेनाचे फारसे न बोललेले वैशिष्ट्य होते, ती तेथे आकुंचित होत आहे.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध विरोधाने येतो. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व पुढील वर्षी पुण्यास सिंहगडावरील मनोऱ्यामुळे चित्र येऊ लागले. पुण्याच्या गच्च्यांवरील कांबी तेव्हा गडाच्या दिशेस तोंड करून असत. एकाने वर जाऊन खांब फिरवावा आणि दुसऱ्याने खालून “थांब, आता दिसतंय” म्हणून ओरडावे, हा विधी प्रस्तुत लेखकाच्या पिढीस परिचित आहे. मुंबईतील केबल मात्र अँटेनाच्या पोटी जन्मली नाही. १९८० नंतरच्या दशकात एका इमारतीत व्हिडिओ यंत्र ठेवून घराघरांत तार ओढावयाची व रोज चित्रपट दाखवावयाचे, असा तिचा आरंभ होता. १९९१ मध्ये आखाती युद्धाची दृश्ये व स्टारच्या वाहिन्या उपग्रहावरून येऊ लागल्या तेव्हा त्याच तारांना छपरावरची तबकडी जोडली गेली, आणि आपली केबल उलट्या क्रमाने सामुदायिक अँटेना बनली.

कायद्याचा प्रश्न येथेही उद्भवला. पण त्याचे उत्तर निराळ्या शब्दांत मिळाले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्याच वर्षीच्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या वाहिन्या तारेवर दाखविणे केबलवाल्यांस बंधनकारक केले. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांचे चित्र खासगी वाहिन्यांनी प्रसारभारतीस द्यावे असे ठरले. या दोन कायद्यांचा मेळ घातला म्हणजे ते सामने केबलवरही फुकट दिसावेत, असे वाटेल. परंतु ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला की हे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या भूस्थित प्रक्षेपणावर व स्वतःच्या तबकडी-सेवेवरच दाखविता येईल, केबलवाल्यांस ते मिळणार नाही. वेस्ट व्हर्जिनियाच्या दोन गावांत पडलेला प्रश्न अशा रीतीने क्रिकेटच्या मैदानावर सुटला. अँटेनावाला आणि तारवाला यांच्यामध्ये येथेही रेघ ओढली गेली.

फरक एवढाच की आपल्याकडे त्या रेघेच्या अँटेनाच्या बाजूस आता कांब उरलेली नाही. प्रसारभारतीने मोजकी, सुमारे पन्नास, प्रक्षेपके वगळून जुन्या पद्धतीचे भूस्थित प्रक्षेपण २०२२ च्या मार्चपर्यंत आटोपते घेण्याचे ठरविले. केबलची वर्गणी सोडणाऱ्या मराठी कुटुंबास अमेरिकन कुटुंबाप्रमाणे छपरावरील कांबीकडे परतण्याचा मार्ग नाही. त्याने एक तर मोबाइलवरील स्ट्रीमिंगकडे वळावे, अथवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या व आज डीडी फ्री डिश या नावाने चालणाऱ्या तबकडीकडे. या तबकडीस मासिक वर्गणी नाही. म्हणूनच तिच्या प्रेक्षकांची वही नाही, आणि चार कोटींहून अधिक घरे म्हणून जो आकडा सांगितला जातो तो अंदाज आहे. अँटेना नोंद ठेवत नाही, हे वर म्हटलेच आहे.

या विषयावर प्रबंध करू इच्छिणाऱ्यांस एक सुचवावेसे वाटते. मुंबई-पुण्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभांची इतिवृत्ते अद्याप संस्थांच्या कपाटांत आहेत. गच्चीवर तबकडी बसविण्यास परवानगी द्यावी की नाही, केबलवाल्याकडून संस्थेने भाडे घ्यावे की नाही, जुने खांब काढून टाकण्याचा खर्च कोणी करावा, यांवरील ठराव त्यांत हमखास सापडतील. हे कागद संस्थांच्या पुनर्विकासाबरोबर झपाट्याने नाहीसे होत आहेत.